कान देऊन पाहा: वाचकांचे प्रश्न, समीक्षकाची उत्तरं

या खेपेची पत्रं भयपट, मारधाड, प्रेमकथा अशा सगळ्या प्रकारच्या चित्रपटांवर आली. बहुतेक पत्रांतली तक्रार फिरून आवाजाशीच येते, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

हल्लीच्या भयपटांत सारखं दचकायला होतं, पण घरी येईपर्यंत सगळं विसरतं. ‘तुंबाड’ मात्र डोक्यातून जात नाही. असं का? (चिपळूण)

दचकणं वेगळं आणि भिणं वेगळं. दचकवायची रीत ठरलेली आहे. आधी सगळे आवाज खाली आणायचे, दार किंवा आरसा दाखवत प्रेक्षकाला थांबवून ठेवायचं, मग एकदम कर्कश आवाज सोडायचा. अंग आपोआप उडतं, त्यात गोष्टीचं काहीच काम नसतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी शांतता पसरली की प्रेक्षक खांदे आवळून तयारच बसतो. मग आवाज आणखी वाढवावा लागतो आणि शेवटी कान तेवढे दुखतात.

‘तुंबाड’ (2018) धोक्याचे नियम आधीच सांगून टाकतो. विहिरीखाली कोंडलेला हस्तर हा देव कायमचा भुकेला आहे. पिठाची बाहुली पुढे टाकली की तो तिच्यावर तुटून पडतो, आणि तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातून नाणी ओढायची. एवढं कळल्यावर नायक विनायक विहिरीत उतरला की आपण त्याच्याजवळच्या बाहुल्या मोजायला लागतो. भीती त्या मोजण्यात आहे. वर पाऊस कोसळतच असतो, त्यामुळे उसंत मिळाल्यासारखी शांतता कुठे येत नाही. सप्टेंबर 2024मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. शेवट माहीत असलेले लोकही पुन्हा गेले. नुसत्या दचकवणाऱ्या चित्रपटाला हे जमत नाही.

‘साबर बोंडं’ला पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा हलत नाही. बजेट नव्हतं म्हणून का? आम्हाला तो अर्धवट वाटला. (बार्शी)

पैशांची बचत म्हणून संगीत काढलं असतं तर ती जागा रिकामी वाटली असती. इथे ती रिकामी नाही. रोहन परशुराम कानवडे यांच्या या चित्रपटात मुंबईत राहणारा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या विधींसाठी गावी येतो. घर नातेवाइकांनी भरलेलं असतं. प्रत्येकाला त्याच्या लग्नाची घाई असते, आणि बाळ्या या लहानपणच्या मित्रावरचं त्याचं प्रेम उघड बोलण्यासारखं नसतं. अशा घरात माणूस आपल्या आवाजालाही जपतो. त्या प्रसंगांखाली बासरी किंवा व्हायोलिन घातलं असतं, तर आनंदला काय वाटतं ते आपल्याला आयतं मिळालं असतं. आता ते त्याच्या खाली गेलेल्या नजरेतून आणि अर्ध्यात थांबलेल्या वाक्यातून शोधावं लागतं. बाळ्या त्याच्यासाठी निवडुंगाची बोंडं आणतो, तीही काटे काढून. ही प्रेमाची कबुली आहे, आणि तिच्यावर गाणं चढवलं असतं तर ती दाबली गेली असती.

स्थिर कॅमेऱ्याचंही तसंच. चौकट हलत नसली की कोण कोणापासून किती अंतरावर बसलंय ते दिसत राहतं. सुरुवातीचा भाग संथ आहे हे मान्य, आणि दोन-तीन प्रसंग आटोपशीर झाले असते तर बरं झालं असतं. पण अर्धवट हा शब्द मला पटत नाही. 2025मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक त्याला मिळालं ते या संयमासकट.

उलट टोकाचं उदाहरण ‘सैराट’चं. जवळजवळ तीन तास अजय-अतुल यांचा वाद्यवृंद कानांत भरलेला असतो, आणि शेवटी लहान मूल घरात शिरतं तेव्हा आवाज पूर्ण तुटतो. आधी इतकं भरलं होतं म्हणूनच तो तुटलेला आवाज इतका लागतो. संगीत असावं की नसावं, हे त्या त्या चित्रपटाने पुढे काय करायचं ठरवलंय त्यावर आहे.

‘किल’मधली मारामारी पाहवत नाही. याला चांगला चित्रपट म्हणायचं? (नाशिक)

म्हणायचं, पण मुलांना घेऊन जाऊ नका. सगळी झुंज दिल्लीला निघालेल्या गाडीच्या डब्यांत आहे. अरुंद वाटेत हात मागे घ्यायला जागा नसते, म्हणून वार जवळून होतात आणि पडद्यामागचा दांडा, बर्थ, संडासाचं दार सगळं कामाला येतं. चित्रपटाचं नाव बऱ्याच उशिरा, एका मृत्यूनंतर पडद्यावर येतं. तोवर नायक माणसं लोळवत असतो, तिथून पुढे मारत सुटतो. शिवाय दरोडेखोर एकमेकांचे नातेवाईक आहेत. त्यांच्यातला कोणी मेला की ते रडतात. त्या रडण्यामुळे हिंसा पाहवत नाही, आणि मला ते योग्य वाटतं.

‘द झोन ऑफ इंटरेस्ट’मध्ये काहीच घडत नाही. ऑस्कर कशाचं? (पुणे)

दोन मिळाली: एक आंतरराष्ट्रीय चित्रपटाचं, दुसरं ध्वनीचं. दिसतं ते नाझींच्या ऑशवित्झ छळछावणीच्या प्रमुखाचं घर आणि बाग. भिंतीपलीकडची त्या काळातली छळछावणी आत नेऊन दाखवतच नाहीत, ती ऐकू येते. सुरुवातीचा लांबलेला काळा पडदा कानांना तयार करण्यासाठीच आहे. तो पुढे सरकवला असेल तर चित्रपट पुन्हा पहिल्यापासून लावा.

परीक्षणात तारे का देत नाही? (मडगाव)

‘किल’ आणि ‘साबर बोंडं’ यांना एकच मापटं लावता येत नाही, म्हणून.

घरी टीव्हीवर संवाद ऐकू येत नाहीत आणि संगीत मात्र अंगावर येतं. टीव्ही बिघडलाय का? (ठाणे)

बहुधा नाही. 5.1 ध्वनीत सहा वेगळे प्रवाह असतात आणि संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरकडे जातात. तुमच्या टीव्हीला दोनच स्पीकर असतील, तर सगळं त्या दोघांत कोंबलं जातं आणि संवाद संगीताखाली दबतात. आधी ॲपच्या भाषेच्या यादीत 5.1 लिहिलेला पर्याय सोडून साधा स्टिरिओ निवडा. तो नसेल तर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये सराउंडचा कृत्रिम परिणाम बंद करा. रात्री शेजाऱ्यांची अडचण असेल तर नाइट मोड चालेल. तो मोठे आवाज खाली आणतो आणि बारीक आवाज वर, त्यामुळे भयपटाला लावू नका, तिथली शांतताच जाते. साउंडबार घ्यायचा झाला तर 2.1 ऐवजी 3.1 पाहा, त्यात संवादांसाठी मधला स्पीकर वेगळा असतो.

आणि ‘साबर बोंडं’सारखा चित्रपट लावाल तेव्हा पंखा एकवर आणा किंवा इयरफोन घाला. पंख्याच्या घरघरीत सगळ्यात आधी बुडतात ते असेच बारीक आवाज.