‘ते’ म्हणजे नेमकं कोण?

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझं भाषण दोनदा वाचलं. पहिल्यांदा चहाबरोबर, दुसऱ्यांदा लाल पेन हातात घेऊन. ‘उदारमतवादी देशांनी अनुदार धर्मश्रद्धा असलेल्या निर्वासितांना प्रवेश नाकारावा’ या ठरावाच्या विरोधात तू बोलणार, तेही जर्मनीत, जर्मन मुलांसमोर. धडधड होणारच. पण चार पानांत ‘ते’ हा शब्द एकतीस वेळा आलाय. ते घाबरलेले आहेत, ते शिकतील, ते बदलतील. समोरचा गडीही ‘ते’च म्हणणार आहे, फक्त त्याची क्रियापदं वेगळी असतील. सीरियातल्या अलेप्पोहून आलेला सुन्नी डॉक्टर, पाकिस्तानातून पळालेला अहमदिया (ज्या पंथाला पाकिस्तान मुस्लिमच मानत नाही) आणि ख्रिस्ती झाल्यामुळे इराण सोडावं लागलेली बाई, या तिघांना तू एकाच सर्वनामात कोंबलं आहेस. लक्षात घे, यातले दोघे तर धर्मश्रद्धेपायीच परागंदा झालेत. १९५१ च्या निर्वासित करारात छळाची जी पाच कारणं दिली आहेत, त्यांत धर्म आहेच. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१२ मध्ये अहमदियांच्याच खटल्यात सांगितलं, की ‘घरी जा आणि धर्म लपवून राहा’ असं आश्रय मागणाऱ्याला सांगता येत नाही. ठरावातला ‘धर्मश्रद्धा’ हा शब्द तू इथून पकड.

आता माझी जुनी कटकट. पूर्वपक्ष कुठाय? शाळेत असताना तुला सांगायचो, समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडता आलं तरच खोडायला जा. तू जर्मनीतल्या कोलोन शहराचा उल्लेखच टाळलास. ३१ डिसेंबर २०१५ च्या रात्री तिथल्या स्टेशनबाहेर जे घडलं त्याच्या हजारावर तक्रारी झाल्या, त्यातल्या बऱ्याचशा बायकांच्या अंगाला हात लावल्याच्या. संशयितांत आश्रय मागणारेही होते. हे तू बोलला नाहीस तर तुझा प्रतिस्पर्धी बोलेल आणि मग तू लपवत होतास असं दिसेल. स्वतःच सांग, आवाज न चढवता सांग. मग पुढचं सांग: ‘नाही म्हणजे नाही’ हे तत्त्व जर्मनीच्या फौजदारी कायद्यात आलं ते २०१६ मध्ये. तोपर्यंत बाईने नुसतं नको म्हणणं कायद्याला पुरत नव्हतं. गुन्हा करणाऱ्याला यातून सूट मिळत नाही, ते स्पष्ट म्हण. पण ‘आमची मूल्यं’ जुनी आणि घट्ट आहेत, हा समज मात्र ढिला होतो.

दुसरं उदाहरण तो नेदरलँड्सचं देईल. थिओ व्हान गॉग या दिग्दर्शकाचा २ नोव्हेंबर २००४ रोजी ॲमस्टरडॅमच्या रस्त्यावर खून झाला, इस्लामवर टीका करणाऱ्या लघुपटावरून. खुनी जन्माने ॲमस्टरडॅमचाच होता. आणि त्या लघुपटाचं लेखन करणाऱ्या अयान हिरसी अली? सोमालियात जन्मलेल्या, १९९२ मध्ये आश्रय मागून आलेल्या, पुढे डच संसदेत निवडून गेलेल्या. प्रवेशद्वारावर श्रद्धा तपासणारी चाळणी लावली असती तर तिने नेमकं कोणाला अडवलं असतं? हा प्रश्न सभागृहात टाक आणि दोन सेकंद गप्प राहा. तू गप्प राहायला घाबरतोस, ही तुझी जुनी खोड.

अशी चाळणी कुणी लावून बघितली नाही, असंही नाही. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात २००६ साली तीस प्रश्नांची यादी काढली होती. तुमच्या मुलाने ‘मी समलिंगी आहे’ असं सांगितलं तर काय कराल, असा त्यातला एक. रोख मुस्लिम अर्जदारांवर आहे हे कुणालाही कळत होतं, टीका झाली, २०११ मध्ये ती यादी गुंडाळली. (ती नागरिकत्वासाठी होती, आश्रयासाठी नाही. हा फरक विसरलास तर तिथला कायद्याचा कुणीही विद्यार्थी तुला उताणा पाडेल. छळापासून आसरा देणं वेगळं, कायम राहू देणं वेगळं आणि नागरिक करून घेणं वेगळं. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या असू शकतात, हे मान्य करून टाक.) अशा परीक्षेत होतं काय, की जो उत्तर पाठ करून येतो तो पास आणि जो खरं बोलतो तो नापास. आपल्या तोंडी परीक्षांसारखंच.

आणि तो समलिंगी मुलाचा प्रश्न यजमानांनाच विचारला असता तर? ३१ ऑगस्ट २०१५ ला निर्वासितांबद्दल ‘आपल्याला जमेल’ म्हणणाऱ्या तेव्हाच्या जर्मन चान्सेलर अंगेला मर्केल यांनी संसदेत समलिंगी विवाहाच्या विरोधात मत दिलं. विवाह म्हणजे स्त्री आणि पुरुष यांचाच, असं त्यांचं मत. कायदा तरीही झाला, त्याही तो मानून पुढे गेल्या. तुझ्या भाषणाचा कणा मला इथे दिसतो. उदार राज्य माणसाच्या मनातलं मत तपासत नाही, त्याच्या वागण्याला कायदा लावतं आणि तो सगळ्यांना सारखाच लावतं. मुलीला शाळेच्या पोहण्याच्या तासाला पाठवत नाही म्हणणारा बाप असो की बायकोवर हात उचलणारा, त्याला ‘संस्कृती वेगळी’ म्हणून सवलत देऊ नकोस. तुझ्या मसुद्यात तिसऱ्या पानावर ती सवलत डोकावतेय. तो परिच्छेद काट.

संख्येचा मुद्दा मात्र उडवून लावू नकोस. २०१५ या एका वर्षात सुमारे ८ लाख ९० हजार माणसं जर्मनीत आश्रयासाठी आली. घरं, शिक्षक, भाषावर्ग, डॉक्टरांच्या वेळा यांच्यावर ताण आला, आणि तो सांगणारा प्रत्येक जण द्वेष्टा नसतो. एवढंच म्हण, की ताणाबद्दल बोलायचं तर ताणाबद्दल बोला, कुराणाच्या आडून बोलू नका.

शेवटी तू कोल्हापूर आणलंस, ते वाचून बरं वाटलं. पण वापरलंस चुकीचं. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, स्टालिनने सैबेरियात नेलेले, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांची शाळा होती, चर्च होतं. ‘आम्ही सांभाळलं, आता पोलंड मात्र निर्वासितांचा कोटा नाकारतो’ हा टोमणा टाळ्या मिळवेल, पण टिकणार नाही. ती सोय तात्पुरती होती, खर्चाची जबाबदारी लंडनमध्ये आसरा घेतलेल्या पोलिश सरकारची होती, आणि महायुद्धानंतर ते लोक निघून गेले. त्यापेक्षा पुढचं सांग: त्याच जागेत फाळणीनंतर सिंधी आले आणि राहिले. आज त्याला गांधीनगर म्हणतात. तुझ्या मुंजीचं कापड तिथूनच आणलं होतं, आईला विचार.

गुरुवारपर्यंत नवा मसुदा पाठव. सात मिनिटांचा, घड्याळ लावून वाचलेला.

तुझा,
सर

ता. क. मर्केल यांचं मत ३० जून २०१७ चं. तारीख कागदावर लिहून ठेव. घाईत तू २०१५ म्हणशील, मला माहीत आहे.