दोन बाळंतपणांनंतर पोटाचे स्नायू फाकलेत, अंतर ४.६ सेंमी. टाके घालून जवळ आणायचं ऑपरेशन करावं का?

तुमच्या प्रश्नात आलेली माहिती अशी: धाकटं मूल सव्वादोन वर्षांचं, दुसरं सिझेरियन, आठ महिने नेमाने फिजिओथेरपी, तरी संध्याकाळी पोट पाचव्या महिन्यासारखं दिसतं. सोनोग्राफीत नाभीच्या वर ४.६ सेंमी अंतर आणि नाभीत १.२ सेंमीचा हर्निया. ऑपरेशन करावं का, दुर्बिणीतून होईल का आणि घरकाम किती दिवस बंद, हे तुमचे तीन प्रश्न.

या ऑपरेशनात स्नायू शिवत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. छातीच्या हाडाच्या टोकापासून ओटीपोटाच्या खालच्या हाडापर्यंत मधोमध एक पांढरा, चिवट पट्टा असतो, लिनिआ अल्बा. त्याच्या दोन्ही बाजूंना उभे स्नायू. गरोदरपणात हा पट्टा ताणून रुंद आणि पातळ होतो, स्नायू बाजूला सरकतात. नुसतं फाकण्यात भोक कुठेच नसतं, ते असतं हर्नियात. शिंपी सैल ब्लाउज कापत नाही, जास्तीचं कापड आत दुमडून टीप मारतो. सर्जन पट्ट्याचं नेमकं तेच करतो. त्याला प्लायकेशन म्हणतात. म्हणूनच स्नायूंतली ताकद ऑपरेशनाने येत नाही. ती व्यायामानेच येते, आधी आणि नंतरही.

४.६ हा आकडा मोठा आहे का? मूल न झालेल्या १५० बायकांची सोनोग्राफी करून २००९ साली मापं प्रसिद्ध झाली. नाभीच्या ३ सेंमी वर २२ मिमीपर्यंतचं अंतर त्यांच्यातही नॉर्मल निघालं. तुमचं त्याच्या दुप्पट. स्वीडनमध्ये २०२१ साली तयार झालेल्या शिफारशी सांगतात की ऑपरेशनाचा विचार साधारण ५ सेंमीच्या पुढे आणि रोजच्या कामात अडचण असेल तरच करावा. मात्र सोबत हर्निया असेल किंवा फुगवटा ठळक असेल तर कमी अंतरालाही करता येतो. शेवटच्या बाळंतपणाला दोन वर्षं झालेली असावीत आणि पुढे मूल नको असावं, हेही त्यात आहे. पुढचं मूल नक्की नको असेल तर तुम्ही यात बसता. तिसऱ्याचा जरासा जरी विचार असेल तर थांबा. नंतर दिवस राहिले तर बाळाला सहसा धोका नसतो, पण दुमडलेला पट्टा पुन्हा ताणला जातो. (सिझेरियनच्या वेळीच टाके घालून घेऊ, असं बऱ्याच जणी विचारतात. नको. तेव्हा पट्टा मऊ आणि ताणलेला असतो, गर्भाशय मोठं असतं. अंतर अजून किती आपोआप भरेल हे कुणालाच सांगता येत नाही.)

आता दुर्बिणीतून की उघडं. याचं उत्तर अंतरावर कमी आणि कातडीवर जास्त ठरतं. उभं राहून किंचित पुढे वाका आणि नाभीखालची कातडी चिमटीत धरा. मूठभर लोंबती कातडी हातात आली तर दुर्बिणीने तुमचं समाधान होणार नाही, कारण त्यात कातडी कापतच नाहीत. त्यात ओटीपोटावर तीन लहान छेद देऊन कातडीखाली वायू भरतात आणि आतून काटेरी दोऱ्याने टीप मारतात. कातडी घट्ट, चरबी कमी आणि सोबत लहान हर्निया अशा बाईला ते छान बसतं. व्रण लहान राहतो, पण कातडी मोठ्या भागात सुटी केलेली असल्याने आत पाणी साठण्याचा त्रास त्यातही होतो. 'दुर्बीण म्हणजे किरकोळ' असं समजू नका.

उघड्या पद्धतीत, म्हणजे अॅबडॉमिनोप्लास्टीत, खुणा उभं करून आधीच काढतात, कारण झोपल्यावर सगळं सपाट दिसतं. छेद सिझेरियनच्या व्रणातून किंवा त्याच्या जरा खालून, पण कमरेच्या दोन्ही हाडांकडे लांबवर जातो. नाभी गोल कापून देठावर जागच्या जागी ठेवतात. कातडी आणि चरबीचा पडदा बरगड्यांपर्यंत उचलतात. मग दोन्ही स्नायूंच्या आतल्या कडा शाईने आखतात आणि छातीच्या हाडापासून खाली टाके घेतात. बहुतेक जण दोन थर घालतात: पहिला सुट्या टाक्यांचा, दुसरा सलग. दोरा न विरघळणारा किंवा सहा-सात महिन्यांनी विरघळणारा. गाठी आत दडवतात, नाहीतर सडपातळ बाईला त्या कातडीखाली हाताला लागतात. टेबल कमरेत दुमडून कातडी खाली ओढतात, जास्तीची कापतात, नाभीसाठी नवं छिद्र करतात. एकूण अडीच ते साडेतीन तास.

तुमच्या बाबतीत खरी गोम नाभीत आहे. नाभीला रक्त दोन वाटांनी येतं, भोवतालच्या कातडीतून आणि खालच्या देठातून. अॅबडॉमिनोप्लास्टीत पहिली वाट कापली जाते. त्याच वेळी हर्नियासाठी देठ चहूबाजूंनी मोकळा केला तर दुसरीही जाते, आणि नाभी काळी पडते. म्हणून हर्नियाला एकाच बाजूने हात घालतात, किंवा तो भाग पोटाच्या आतून दुर्बिणीने दुरुस्त करतात. सर्जनला सरळ विचारा: 'माझा हर्निया असताना नाभीचा रक्तपुरवठा कसा राखणार?' पुढे हेही विचारा की जाळी, म्हणजे पट्ट्याला आधार देणारं कृत्रिम विणलेलं कापड, घालणार का. नुसत्या फाकलेल्या स्नायूंना सहसा लागत नाही. स्वीडनमधल्या एका चाचणीत टाके आणि जाळी या दोन गटांत वर्षभराने फारसा फरक दिसला नव्हता. पण १ सेंमी किंवा मोठा हर्निया, तोही पातळ झालेल्या पट्ट्यात, हे जाळीच्या बाजूचं कारण आहे.

ऑपरेशनाआधी सांगायच्या गोष्टींत सगळ्यात जास्त लपते ती मिश्री. 'सिगारेट ओढता का' या प्रश्नाला बाई 'नाही' म्हणते, आणि ते खरंच असतं. पण मिश्री, तपकीर, तंबाखू या सगळ्यांत निकोटिन आहे. त्याने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि उचललेल्या पडद्याचं टोक, म्हणजे नाभी आणि व्रण यांच्या मधला भाग, सडू शकतो. आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे पूर्ण बंद. उजव्या बरगडीखाली पित्ताशयाच्या जुन्या उघड्या ऑपरेशनाचा तिरका व्रण असेल तर तोही दाखवा, पडद्याचा रक्तपुरवठा तिथे आधीच तुटलेला असतो. हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्या. अंगावर पाजत असाल तर बंद करून काही महिने जाऊ द्या, वजन स्थिर होऊ द्या.

घरकामाचं म्हणाल, तर टाके पहिल्या दिवसापासून धरतात, पण पट्टा एकमेकांत सांधायला सहा आठवडे लागतात. तोवर सगळा ताण दोऱ्यावर. पोटातला दाब वाढवणारी प्रत्येक गोष्ट दोऱ्याला ऊतकातून कापत नेते: खोकला, कुंथणं, उकिडवं बसणं, पाण्याची कळशी उचलणं. भरलेला गॅस सिलिंडर ३० किलोच्या आसपास जातो, त्याला हातच लावू नका. ५ किलोच्या वर काही नाही, म्हणजे तुमचं धाकटंही नाही. बारा किलोच्या मुलाला 'आई उचलणार नाही' हे समजावणं हेच या ऑपरेशनातलं सगळ्यात अवघड काम, त्यामुळे माणूस आधीच ठरवून ठेवा. तुम्ही पलंगावर बसा, मूल कुणीतरी मांडीत द्यावं. बसून करायचं ऑफिस दोन-तीन आठवड्यांनी, लादी पुसणं सहा ते आठ आठवड्यांनी, पोटाचे जोरकस व्यायाम तीन महिन्यांनी.

पहिले आठ-दहा दिवस कमरेत वाकूनच चाला आणि पाठीखाली व गुडघ्यांखाली उशा घेऊन झोपा. पण पहिल्या दिवसापासून चाला, पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका खरा आहे. एका पोटरीला सूज, दुखणं किंवा अचानक धाप लागली तर फोनवर विचारत बसू नका, थेट इमर्जन्सीत जा. वेदनेच्या काही गोळ्या आणि लोहाच्या गोळ्या बद्धकोष्ठ करतात, म्हणून इसबगोल आणि पाणी पहिल्या रात्रीपासून, शौचाला कमोड. पोटावर बाहेरून बांधायचा बेल्ट सहा आठवडे, आंघोळीपुरता सोडून. बाळंतिणीचं पोट बांधतात तसा करकचून नको: श्वास अडतो, पडद्याचं रक्त दबतं. दोन बोटं आत जातील इतकाच.

कातडीखालचं पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्यांतून २४ तासांत ३० मिलिपेक्षा कमी येऊ लागलं की त्या काढतात, साधारण आठवडाभरात. त्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पोटाच्या एका बाजूला टिचकी मारली आणि दुसरीकडे लाट गेल्यासारखं वाटलं तर आत पाणी साठलंय. दवाखान्यात सुईने काढतात, कधी दोन-तीनदा. घाबरण्यासारखं नाही, मात्र लाली, ताप किंवा पू असेल तर त्याच दिवशी दाखवा.

घरात कुणी शेक द्यायला आलं तर हात जोडून नाही म्हणा. नाभीखालची कातडी कित्येक महिने बधीर असते. गरम पाण्याची पिशवी भाजतेय हे कळतच नाही आणि जखम खोल जाते. एखादा ठिपका कायमचाही बधीर राहू शकतो.

विमा: नियमांत कॉस्मेटिक शस्त्रक्रियेचा अपवाद आहे, कलम 'एक्सक्ल ०८'. नुसत्या प्लायकेशनला आणि कातडी कापण्याला पैसे मिळायची आशा धरू नका. हर्नियाची दुरुस्ती बहुतेक पॉलिसींत बसते, पण प्रतीक्षाकाळ तपासा, बऱ्याच ठिकाणी तो २४ महिने असतो. हॉस्पिटलला हर्नियाचं आणि उरलेल्याचं अंदाजपत्रक वेगवेगळं मागा आणि पूर्वमंजुरी लेखी घ्या. सगळं बिल 'हर्निया' म्हणून लावून देतो असं कुणी म्हणालं तर त्या फंदात पडू नका. ऑपरेशनच्या नोंदी मागवल्या की दावा फेटाळला जातो.

कंबरदुखीचं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ती पुष्कळ जणींची कमी होते, पण तेवढ्यासाठी टेबलावर चढू नका. शिंकताना लघवी सुटत असेल तर ती ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची गोष्ट, टाक्यांनी ती जाईल असं धरू नका. फिजिओथेरपिस्टला त्याचं वेगळं सांगा, ऑपरेशनाची तारीख घेण्याआधीच.