टीव्हीवर राजकारण, दारात खणलेला रस्ता आणि घाबरलेला कुत्रा: लक्ष नक्की कुठे द्यायचं?

तुम्ही विचारलंय की रोज संध्याकाळी दोन तास टीव्हीवर देशाच्या राजकारणाच्या चर्चा बघूनही हाताला काही लागत नाही, दिवस मात्र घरासमोरच्या खणलेल्या रस्त्यात आणि त्या आवाजाने घाबरलेल्या कुत्र्याला सांभाळण्यात जातो, तर साध्या माणसाने लक्ष द्यायचं तरी कुठे. प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो, कारण गेले तीन महिने आमच्या घरात अगदी हेच चाललंय. दारात चर, आत टीव्ही, आणि दोन्हीच्या मधे आमची चिकू, सात वर्षांची कुत्री.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, चराकडे लक्ष द्या. टीव्ही बंद करा असं अजिबात म्हणत नाहीये, मी स्वतः बघतो आणि देशात काय चाललंय ते माहीत असलंच पाहिजे. पण चर ही अशी गोष्ट आहे की ती उघडी आहे तोवरच तुम्हाला आत काय चाललंय ते दिसतं, एकदा वर डांबर पडलं की सगळे रस्ते सारखेच काळेभोर आणि छान दिसतात. आणि ही नजर एकदा बसली ना की तीच टीव्हीवरच्या राजकारणालाही लावता येते, हे मला या तीन महिन्यात पटलंय.

झालं असं, आधी पाण्याच्या पाइपलाइनवाले आले. खणलं, पाइप टाकला, माती ढकलली, वरून खडी आणि डांबराचा पॅच मारला आणि गेले. पंधरा दिवसही झाले नसतील तर केबलवाले आले आणि त्याच्याच शेजारी दीड फुटावर परत खणायला सुरुवात, पहिले पाढे पंचावन्न. मग एका रात्री जोरदार पाऊस झाला. सकाळी चिकूला घेऊन बाहेर पडलो तर ती पॅचच्या कडेला नाक लावून उभीच राहिली, ओढली तरी हलेना. म्हणून मी पण खाली वाकून बघितलं. जुना रस्ता आणि नवा पॅच यांच्या मधे बोट जाईल एवढी फट पडली होती आणि वरचं पाणी गुपचूप त्या फटीत चाललं होतं, वाहून पुढे जात नव्हतं, आत जात होतं. हे मला वरून जाताना कधीच दिसलं नसतं.

त्याच दिवशी केबलच्या कामावर एक वयस्कर कामगार होते, त्यांना विचारलं की काका हे असं का होतं. ते काही बोलले नाहीत, त्यांनी हातातली पहार घेतली आणि आधी बुजवलेल्या भागात, जिथे अजून डांबर टाकायचं राहिलं होतं तिथे, नुसती सोडली. निम्मी पहार सहज आत गेली. मग तीच पहार बाजूच्या न खणलेल्या जमिनीवर मारली तर ठण्ण करून परत आली. म्हणाले, दादा, आतून भरलं नाही तर वरून कितीही टाका. मला वाटतं एवढ्या एका मिनिटात मला जेवढं कळलं तेवढं मला कुठल्याच चर्चेत कळलं नव्हतं.

नंतर मी याबद्दल वाचलं, विचारलं, आणि जे कळलं ते सांगतो कारण तुमच्याकडे चर उघडाच असेल तर उपयोगी पडेल. पाइप किंवा केबल टाकली की आधी तिच्याखाली आणि आजूबाजूला वाळू किंवा बारीक मऊ भरणी लागते, म्हणजे टोकदार दगड तिला टोचत नाही. मग भरणी थराथराने करायची, एकेक थर साधारण 150 ते 200 मिलिमीटरचा, म्हणजे वीतभरच, आणि प्रत्येक थरावर धुमस किंवा प्लेटचं मशीन फिरवून तो दाबायचा. मधे एक रंगीत प्लास्टिकची पट्टी टाकतात, पुढच्या खणणाऱ्याला कळावं की खाली लाइन आहे. वर खडीचा थर, आणि शेवटी गरम डांबर, तेसुद्धा गरम आहे तोवरच रोलरखाली दाबलं गेलं पाहिजे कारण थंड झालेलं डांबर नीट दबत नाही आणि त्यात पोकळ्या राहतात. जुन्या डांबराच्या कापलेल्या कडेला आधी पातळ डांबर लावायचं असतं म्हणजे जुनं नवं एकमेकांना धरतं. आमच्याकडची फट ही तीच कडा होती.

आता हे सगळं न करता चार फुटांचा चर एका दमात जेसीबीने लोटून भरला तर काय होणार? माती आपल्या वजनाने हळूहळू बसत जाते, वरचा पॅच तिच्याबरोबर खाली जातो, खोलगट होतो, तिथे पाणी साचतं, पाणी फटीतून खाली जातं, खालची भरणी भिजून मऊ होते आणि मग एखादा भरलेला ट्रक वरून गेला की डांबराचा तुकडाच निघतो. खड्डा पावसाने पडतो असं आपण म्हणतो पण पाऊस शेवटी येतो, खड्ड्याची तयारी भरतानाच झालेली असते. ट्रकचं म्हणाल तर अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 मधे मुद्दाम रस्ते बांधून त्यावर सतत ट्रक चालवून एक मोठी चाचणी केली होती, त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की एका आसावरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याचं नुकसान दुप्पट नाही, साधारण सोळापट होतं. म्हणून गल्लीतल्या रस्त्याला स्कूटर, गाड्या काही करत नाहीत, आणि मालाने भरलेला एक ट्रक कमकुवत जागा बरोब्बर शोधून काढतो.

रस्ता सिमेंटचा असेल तर वेगळं बघायचं. तिथे पाणी मारणं महत्वाचं, निदान सात दिवस तरी तो ओला ठेवायला हवा, गोणपाट टाकून किंवा आळी करून पाणी भरून ठेवतात, आणि ठरलेली ताकद मोजायची ती 28 दिवसांची असते. गोणपाट दुसऱ्याच दिवशी कोरडं दिसलं तर लगेच बोला.

आता राजकारण आणि टीव्ही. तुम्हाला काही कळल्यासारखं वाटत नाही याचं कारण तुमची समज कमी आहे असं नाही हो, मला प्रामाणिकपणे वाटतं की आपल्याला डांबराचा वरचा थरच दाखवला जातो. कॅमेऱ्याची चौकट जेवढी तेवढंच दिसतं. एक गोष्ट मला फार आवडते, अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाचं कामकाज 1979 पासून टीव्हीवर दिसायला लागलं आणि नियम असा होता की कॅमेरा बोलणाऱ्यावरच राहील. मग काही सदस्य दिवसाचं काम संपल्यावर उभे राहून विरोधकांवर जोरदार भाषणं करायचे, घरी बसलेल्याला वाटायचं समोर सभागृह भरलंय आणि कोणालाच उत्तर देता येत नाहीये. मे 1984 मधे सभापती टिप ओनील यांनी कॅमेरा सगळीकडे फिरवायला सांगितला आणि लोकांना दिसलं की बाकं रिकामी आहेत. केवढा गोंधळ झाला त्यावर! ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्समधे 1989 ला कॅमेरे आले तेव्हाही सुरुवातीला नियम होता की बोलणाऱ्याचं डोकं आणि खांदेच दाखवायचे. म्हणजे ऐकणारे काय करतायत, झोपलेत का, आहेत तरी का, ते दिसायचं नाही. तेव्हापासून मी कुठलंही जोशातलं भाषण बघताना मनात एवढंच विचारतो की समोर कोण बसलंय, आणि हा माणूस ज्याला उत्तर देतोय तो प्रश्न मला दाखवला का.

आणि प्राण्यांचा विषय काढलाच आहे तर हेही सांगतो, कारण माझ्या मते यात बरंच शिकण्यासारखं आहे. 1944 मधे अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यावर आरोप होता की त्यांचा फाला नावाचा कुत्रा एका बेटावर राहिला म्हणून त्याला आणायला युद्धनौका पाठवली, सरकारी खर्चाने. 23 सप्टेंबरला ते रेडिओवरच्या भाषणात म्हणाले की माझ्यावर, माझ्या बायकोवर, मुलांवर टीका झाली तर आम्हाला काही वाटत नाही, पण फालाला मात्र राग येतो. सगळे हसले. बरोबर आठ वर्षांनी, परत 23 सप्टेंबरलाच, 1952 मधे, उपाध्यक्षपदाचे उमेदवार रिचर्ड निक्सन टीव्हीवर आले, त्यांच्यावर आरोप होता समर्थकांनी जमवलेल्या निधीचा. त्यांनी भाषणात आपल्या कमाईचा, घराच्या कर्जाचा हिशोबही दिला, पण त्याच भाषणात ते म्हणाले की एका माणसाने मुलींसाठी चेकर्स नावाचं कॉकर स्पॅनियल भेट दिलंय आणि कोणी काही म्हणो, आम्ही ते ठेवून घेणार. त्यांची उमेदवारी टिकली आणि ते भाषण आजही चेकर्सच्या नावानेच ओळखलं जातं. निधीचा प्रश्न योग्य होता की नाही यावर भांडता येईल, पण लक्षात कुत्रा राहिला. मी स्वतः कुत्र्यावर जीव टाकणारा माणूस आहे म्हणून मला माहितीये की हे किती सहज होतं, कुत्र्याचं नाव आलं की माझंही मन विरघळतं. म्हणून हल्ली मी चर्चा सुरू झाली की एका कागदावर फक्त मूळ प्रश्न लिहून ठेवतो आणि शेवटी बघतो की त्याचं उत्तर आलं का. बऱ्याचदा येत नाही. अर्थसंकल्पाच्या दिवशी तर प्रतिक्रियांपेक्षा मूळ भाषण ऐकतो, लांब असतं, पण भरणी तिथेच दिसते.

आता तुमच्या कुत्र्याबद्दल, कारण मला तुमच्या प्रश्नात खरी काळजी तिथे दिसली. आपल्याला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे 45,000 पर्यंत. म्हणजे ब्रेकर मशीनचा, कटरच्या चाकाचा जो आवाज आपल्याला नुसता मोठा वाटतो त्यात त्याला आणखी किंचाळ्या ऐकू येत असणार ज्या आपल्या कानापर्यंत पोचतच नाहीत. चिकू पहिल्या दिवशी पलंगाखाली गेली ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही, अंग थरथरत होतं, पाण्याला तोंड लावलं नाही. आणि मजा नाही सांगत, टीव्हीवर पाचसहा जण एकदम ओरडायला लागले की ती तेव्हाही पलंगाखालीच जाते. ते बघून मी आवाज कमी ठेवायला लागलो आणि घरात आम्ही सगळेच जरा शांत झालो.

कुत्र्याला ओढून मशीनजवळ नेऊन "बघ काही नाहीये" असं करू नका, भीती वाढते. रागवूही नका. रस्त्यापासून लांबची आतली खोली द्या, खिडकी पडदा बंद, त्याचं अंथरूण तिथे, लपायचं असेल तर लपू दे. काम सुरू व्हायच्या आधीच फिरवून आणा. आवाज अगदी लांबून, हलका येत असेल तेव्हा आवडता खाऊ द्या, रोज थोडं थोडं, म्हणजे आवाज आणि चांगली गोष्ट यांची सांगड बसते, घाई केली तर मात्र सगळं उलटं होतं. खाणंच सोडलं किंवा लाळ गळतीये, स्वतःला इजा करून घेतोय असं दिसलं तर डॉक्टरांकडे न्या, यावर औषध असतं आणि ते देण्यात कमीपणा नाही.

नव्या डांबरावरून उन्हात नेऊ नका. आपल्या हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघा, ठेववत नसेल तर कुत्र्याच्या पंजालाही भाजणार. आणि पंजाला डांबर चिकटलंच तर रॉकेल, पेट्रोल अजिबात लावायचं नाही, कुत्रा पंजा चाटतो. खायचं तेल लावून हळूहळू चोळायचं, मऊ झालं की पुसायचं आणि सौम्य साबणाने धुवायचं. चिकूचा मागचा पंजा मी असाच तासभर बसून साफ केला.

आमच्या रस्त्याचं पुढे काय झालं ते राहिलंच. मी चर उघडा असताना रोज फोटो काढले, शेजारी एक फूटपट्टी ठेवून, म्हणजे खोली आणि थर दिसावेत. फटीचे, साचलेल्या पाण्याचे फोटो, तारीख, नेमकी जागा, सगळं एका साध्या अर्जात लिहिलं, गल्लीतल्या अकरा घरांच्या सह्या घेतल्या आणि पालिकेत देऊन पोच घेतली. अर्जात रागाचा एक शब्द नव्हता, फक्त काय भरलं आणि काय भरलं नाही. तीन आठवड्यांनी माणसं आली, त्यांनी साधारण दहा फूट परत उघडलं आणि या वेळी खरंच थर करून धुमस मारली, मी आणि चिकू (ती लांब, ओट्यावर) उभं राहून बघितलं. बाकीचा चर तसाच ठेवला, म्हणाले बघू. त्यानंतर दोन मोठे पाऊस झाले, दहा फूट सपाट आहेत, उरलेला भाग इंचभर खाली बसलाय आणि फट पुन्हा दिसायला लागलीये, तिचेही फोटो काढून ठेवलेत, दुसरा अर्ज तयार आहे, सोमवारी देतोय.

तुमच्याकडे डांबर अजून पडलं नसेल तर उद्या सकाळी ऊन तिरपं असताना फोटो काढा, तेव्हा थर चांगले दिसतात. आणि काम किती वाजता सुरू होतं ते मुकादमाला विचारून ठेवा, त्याच्या आधी तुमच्या कुत्र्याचं फिरणं उरकेल.