‘पॉप्युलर व्होट’ला ‘जनतेचा कौल’ म्हणावे काय?

एका वाचकाने पुढील प्रश्न विचारला आहे : ‘अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीतील इलेक्टोरल कॉलेजची पद्धत पॉप्युलर व्होटच्या तुलनेत फेअर आहे काय?’ हा वादविवादाचा विषय मराठीत मांडताना ‘निर्वाचन मंडळ’, ‘जनतेचा कौल’ आणि ‘निष्पक्ष’ हे शब्द योजले, तर ते योग्य ठरतील काय? (इलेक्टोरल कॉलेज म्हणजे अमेरिकेच्या अध्यक्षाची प्रत्यक्ष निवड करणाऱ्या, राज्याराज्यांतील माणसांचा समूह; पॉप्युलर व्होट म्हणजे देशभरातील सामान्य मतदारांनी दिलेल्या मतांची बेरीज.) माझे उत्तर असे की, पहिला शब्द थोड्या बदलाने चालेल. उरलेले दोन मात्र चालणार नाहीत, कारण त्यांतील एक शब्द वादाचा निकाल आधीच देऊन टाकतो आणि दुसरा वादाचा मुद्दाच बदलतो.

‘इलेक्टोरल कॉलेज’मधील ‘कॉलेज’ हे शिक्षणाचे ठिकाण नव्हे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ समान अधिकाराच्या सहकाऱ्यांचा समूह असा आहे, त्यामुळे यंत्रभाषांतरात कधी कधी दिसणारे ‘निवडणूक महाविद्यालय’ बाद करावे लागते. अमेरिकेच्या मूळ संविधानातही हा शब्दप्रयोग नाही. तेथे केवळ ‘इलेक्टर्स’, म्हणजे निवडणारी माणसे, असा उल्लेख आहे. म्हणूनच मला ‘निर्वाचन मंडळ’ यापेक्षा ‘निर्वाचक मंडळ’ अधिक नेमके वाटते, कारण त्यात क्रियेऐवजी माणसे दिसतात. (संस्कृतात ‘निर्वचन’ म्हणजे शब्दाची फोड करून अर्थ सांगणे, ‘निर्वाचन’ला ‘निवडणूक’ हा अर्थ आधुनिक काळात रूढ झाला. आपला ‘निवडणे’ हा शब्द तांदळापासून प्रतिनिधीपर्यंत सर्वत्र चालतो, पण ‘निवडक’ला वेगळा अर्थ चिकटल्यामुळे येथे ‘निर्वाचक’ स्वीकारण्यावाचून गत्यंतर नाही.) भारतीय संविधानाच्या हिंदी पाठात ‘निर्वाचकगण’ हा शब्द आहे आणि तो सुटसुटीतही आहे, परंतु महाराष्ट्रात पंचायत समितीच्या एका जागेच्या क्षेत्राला ‘निर्वाचक गण’ म्हणतात, आणि ‘आमच्या गणातून कोण उभे आहे’ असे रोज बोलणाऱ्या वाचकापुढे तोच शब्द अमेरिकेसाठी ठेवणे गैरसोयीचे ठरेल.

‘मंडळ’ या शब्दालाही एक अडचण आहे. मंडळ म्हटले की एका दालनात बसून विचारविनिमय करणारी मंडळी डोळ्यांसमोर येतात, परंतु अमेरिकेतील ५३८ निर्वाचक देशपातळीवर कधीच एकत्र बसत नाहीत. ते आपापल्या राज्यात ठरलेल्या दिवशी मते देतात आणि त्या मतांची मोजणी काँग्रेससमोर, म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधिगृह मिळून बनलेल्या तेथील संसदेसमोर, होते. तरीही या कारणासाठी शब्द टाकून द्यावा असे मला वाटत नाही, कारण आपल्या ‘मतदारसंघा’तील संघही कधी एकत्र बसत नाही आणि कोणाचा गैरसमज होत नाही.

खरा गैरसमज दुसरीकडे होतो. आपल्या राष्ट्रपतींची निवड करणाऱ्या समूहालाही मराठीत ‘निर्वाचन मंडळ’ म्हणतात आणि त्यामुळे दोन्ही व्यवस्था सारख्याच असाव्यात असे वाचकास वाटते. भारतात संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्यच मतदान करतात; अमेरिकेत सिनेटर किंवा प्रतिनिधिगृहाचा सदस्य निर्वाचक होऊच शकत नाही. भारतात आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते : १९७१च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या आमदाराचे मत १७५, गोव्याच्या आमदाराचे २०, उत्तर प्रदेशाच्या आमदाराचे २०८, तर सिक्कीमच्या आमदाराचे अवघे ७. म्हणून २८८ आमदारांच्या महाराष्ट्राचे एकूण मूल्य ५०,४०० आणि ४० आमदारांच्या गोव्याचे ८०० होते, आणि हे प्रमाण त्या वेळच्या दोन्ही लोकसंख्यांच्या प्रमाणाशी जवळजवळ तंतोतंत जुळते. अमेरिकेत प्रत्येक राज्याला प्रतिनिधिगृहातील जागांइतके निर्वाचक मिळतातच, शिवाय सिनेटच्या दोन जागांचे दोन अधिक मिळतात, आणि राज्य लहान असले की ही दोनची भर फार मोठी ठरते. २०२०च्या जनगणनेनुसार वायोमिंगमध्ये सुमारे १ लाख ९२ हजार लोकांमागे एक निर्वाचक येतो, तर कॅलिफोर्नियात सुमारे ७ लाख ३२ हजारांमागे एक. नाव एकच असले, तरी एक व्यवस्था लोकसंख्येतील अंतर जसेच्या तसे मतांत उतरवते आणि दुसरी ते जाणूनबुजून कमी करते.

आता ‘पॉप्युलर व्होट’. येथील ‘पॉप्युलर’चा अर्थ लोकांचे असा आहे, लोकांना प्रिय असा नव्हे, त्यामुळे ‘लोकप्रिय मत’ हे भाषांतर सरळ चूक आहे. ‘लोकमत’ म्हणजे लोकांची धारणा; ती मतपेटीत न जाताही असते. ‘सार्वमत’ एखाद्या प्रश्नावर घेतात, उमेदवारावर नव्हे. ‘जनमत’ म्हटले की गोव्यातील वाचकाला १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल आठवतो, आणि तोही महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही या प्रश्नावरचाच होता.

‘जनतेचा कौल’ या पर्यायावर मात्र थोडे थांबावे लागेल. कोकणात देवाला कौल लावतात, आणि मिळालेला कौल मान्य करायचा असतो. तो निर्णय असतो, नुसती आकडेवारी नव्हे. अमेरिकेत देशभरातील मतांची बेरीज काहीही ठरवत नाही. तेथे ५० राज्ये आणि राजधानीचा जिल्हा मिळून ५१ स्वतंत्र निवडणुका होतात, आणि बेरीज आपण त्यांच्यानंतर करतो. २००० साली अल गोर यांना जॉर्ज बुश यांच्यापेक्षा सुमारे ५ लाख ४३ हजार मते अधिक होती, परंतु फ्लोरिडात बुश ५३७ मतांनी पुढे राहिले, त्या राज्याची सर्व २५ निर्वाचक मते त्यांच्याकडे गेली आणि २७१ विरुद्ध २६६ असा निकाल लागला. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना सुमारे २८ लाख ७० हजार मते अधिक मिळूनही निर्वाचक मते २२७ मिळाली आणि डोनाल्ड ट्रम्प यांना ३०४. या घटनांना ‘जनतेचा कौल डावलला’ असे म्हटले की पद्धत अन्यायकारक आहे हे सिद्ध न करताच मान्य करून घेतल्यासारखे होते. म्हणून ‘देशभरातील एकूण मते’ हा लांब, पण प्रामाणिक शब्दप्रयोग मी सुचवीन, आणि त्याच्या जोडीला ‘निर्वाचक मते’.

‘फेअर’साठी ‘निष्पक्ष’ घेतल्यास प्रश्न पंचाच्या वर्तनाचा होतो. नियम दोन्ही पक्षांना सारखाच लागू आहे आणि आधीपासून माहीत आहे, त्यामुळे पद्धत निष्पक्ष आहे असे म्हणता येईल. पण कोणी तसा आक्षेप घेतलेलाच नाही. आक्षेप असा आहे की, एका नागरिकाच्या मताचे वजन दुसऱ्याच्या मतापेक्षा वेगळे असणे योग्य आहे काय, आणि त्यासाठी ‘न्याय्य’ हाच शब्द हवा. समर्थकांचे म्हणणे असे की, अमेरिका हे राज्यांचे संघराज्य आहे आणि न्याय राज्याराज्यांतही पाहिला पाहिजे. ते म्हणणे पोकळ नाही. तरीही माझ्या मते ही पद्धत न्याय्य नाही, आणि त्याचे मुख्य कारण दोनची भर हे नसून, बहुतेक राज्यांत पुढे असलेल्या उमेदवाराला सर्वच निर्वाचक देण्याची प्रथा हे आहे; त्यामुळे त्या राज्यात हरलेल्या बाजूची लाखो मते देशाच्या निकालात कोठेही उमटत नाहीत. ही प्रथा संविधानाने घातलेली नाही, राज्यांनी स्वतः स्वीकारली आहे; मेन आणि नेब्रास्का ही राज्ये वेगळ्या रीतीने वाटणी करतात. पण हे माझे मत आहे. ते मी पूर्ण वाक्यात, कारणांसह मांडायला हवे, ‘कौल’ या एका शब्दाच्या आडून नव्हे.

तेव्हा वादविवादाचा विषय असा लिहावा : ‘अमेरिकेच्या अध्यक्षाची निवड देशभरातील एकूण मतांऐवजी निर्वाचक मंडळाच्या मतांवरून होणे न्याय्य आहे काय?’