पोरीच्या नावावर लायसन मागतायत, देऊ का?

नमस्कार दादा,

तुमचं सोलापूरहून आलेलं पत्र वाचलं. तुम्ही गवंडी, वहिनी साइटवर घमेली उचलतात, पोरगी सिव्हिलचा डिप्लोमा पास झालीय आणि म्हणतेय मी महापालिकेची कामं घेणार. त्यात ओळखीचा एक ठेकेदार म्हणतोय ठेकेदारीचं लायसन पोरीच्या नावावर काढू, काम आम्ही बघतो, तिला घरबसल्या दोन टक्के. आणि विजापूरचा मेहुणा सांगतोय की तिकडे वडार लोकांना सरकारी कामं राखीव असतात, मग आपल्याकडे का नाही, असं तुम्ही विचारलंय.

आधी ठेकेदाराचं बोलते. नाही म्हणा, आणि या आठवड्यातच म्हणा. नाव तिचं असलं की सगळं तिच्यावरच येतं, बिल तिच्या खात्यात येणार, टीडीएस तिच्या पॅनवर कापला जाणार, जीएसटी तिच्या नंबरवर लागणार, म्हणजे हातात दोन टक्के आणि सरकारच्या कागदावर पूर्ण उलाढाल हिची. साइटवर कुणी स्लॅबवरून पडलं तर भरपाईसाठी पहिलं नाव ठेकेदाराचं येतं, म्हणजे हिचं. काम निकृष्ट निघालं, डीएलपीमध्ये, म्हणजे काम झाल्यावर दोष दुरुस्त करून देण्याच्या मुदतीत, रस्ता उखडला, तर नोटीस हिला आणि काळ्या यादीतही हीच. तो माणूस दुसऱ्याच्या नावावर पुढचं काम घेऊन मोकळा होईल, तिचं मात्र सुरू व्हायच्या आधीच संपलेलं असेल. मला याचा खरंच राग येतो, कारण ज्यांना वाटा मिळावा म्हणून नियम केले त्यांचं फक्त नाव वापरलं जातं आणि पैसा जिथे होता तिथेच राहतो.

आता मेहुण्याचं. तो खरं बोलतोय. कर्नाटकानं निविदांच्या कायद्यातच दुरुस्ती करून ठराविक रकमेपर्यंतच्या बांधकामांत अनुसूचित जातींच्या ठेकेदारांना १७.१५ टक्के आणि जमातींच्या ठेकेदारांना ६.९५ टक्के कामं राखीव ठेवली, मर्यादा आधी ५० लाख होती, २०२३ मध्ये १ कोटी केली. तिकडे वडार-भोवी अनुसूचित जातीत येतात, आपल्याकडे विमुक्त जाती अ मध्ये, आणि असा कायदा महाराष्ट्रात नाही. तुमच्या इथल्या दाखल्यावर तिकडचा लाभही मिळत नाही. ही मागणी इकडे समाजानं लावून धरायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे, पण पोरीचं करिअर त्यावर थांबवून ठेवू नका. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांना ४ टक्के, महिलांच्या उद्योगांना ३ टक्के असं आहे, ते कुणी दाखवेल, पण ते केंद्र सरकारची खाती आणि त्यांच्या कंपन्या माल आणि सेवा घेतात त्याला लागू आहे, बांधकामाच्या ठेक्यांना नाही.

आपल्याकडे जे आहे ते म्हणजे सुशिक्षित बेरोजगार अभियंता नोंदणी. डिप्लोमावाल्यांनाही चालते. बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषदेच्या छोट्या कामांचे वाटे पाडलेले असतात, काही सु.बे. अभियंत्यांना, काही मजूर सहकारी संस्थांना, उरलेली खुल्या ठेकेदारांना, आणि काम वाटप समिती सोडत काढते. महापालिकेत आधी चौकशी करा, प्रत्येक ठिकाणची नोंदणीची पद्धत वेगळी. मजूर संस्थेचा मार्ग तुमच्यासाठीही आहे, पण आत जायच्या आधी सभासद यादी बघा, पाटी न उचललेले मजूर त्यात किती आहेत ते गावात सगळ्यांना माहीत असतं.

पण लगेच नोंदणी करून टेंडर भरायला बसू नका. तिला आधी वर्ष-दोन वर्षं अशा ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर म्हणून लावा जो खरंच पालिकेची कामं करतो. कॉलेजात एस्टिमेट शिकवतात पण एम.बी., म्हणजे कामाच्या मोजमापांची वही, कशी भरली जाते ते साइटवरच कळतं. गटाराचं काम घ्या, खोदाईची लांबी-रुंदी-खोली ज्युनिअर इंजिनिअरच्या समोर मोजून काँक्रीट पडायच्या आधी एम.बी.त चढली पाहिजे, एकदा तळाला पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट, पडलं की खाली मुरूम होता का कठीण खडक यावर कितीही भांडा, बिल मुरमाचंच निघतं आणि दर तर दोघांचे कितीतरी वेगळे. तुम्ही आयुष्यभर दगड हाताळलाय, खडक बघून ओळखता, ते तुमच्याकडून तिनं शिकावं, हे ज्ञान भल्याभल्या इंजिनिअरकडे नसतं.

दुसरं म्हणजे पैसा. समजा ८ लाखांचं काम मिळालं. सिमेंट-खडीवाला थोडं उधार देईल, पण मजुरांचा पगार दर बाजाराच्या दिवशी द्यावाच लागतो, आणि बिल निघायला कधी महिने लागतात. त्यातून सुरक्षा ठेव कापली जाते, १ टक्का कामगार सेस, टीडीएस, असं सगळं जाऊन हातात येतं. म्हणून इतर लोक बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी दरानं, भरतायत म्हणून आपणही २५ टक्के बिलो भरायचं, असं करू नका, त्यात मजुरांची मजुरीच मारली जाते आणि ते मजूर म्हणजे तुमचीच माणसं. भांडवलासाठी वसंतराव नाईक महामंडळ आणि त्याखालच्या पैलवान मारुती चव्हाण वडार महामंडळाच्या कार्यालयात जाऊन बसा, कागद काय लागतात ते तिथूनच लिहून आणा. उद्यम नोंदणी ऑनलाइन फुकट होते, एजंटला एक रुपया देऊ नका.

आणि तुमची स्वतःची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी आहे का? पत्रात काहीच लिहिलं नाहीत. मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, ठेकेदार देत नसेल तर गावात ग्रामसेवक, शहरात पालिकेकडून मिळू शकतो. वहिनींचीही वेगळी नोंदणी करा, त्याही बांधकाम कामगारच आहेत. पोरगी पुढे डायरेक्ट सेकंड इयरला डिग्री करणार असेल तर मंडळाकडून इंजिनिअरिंगला वर्षाला ६० हजारांचं सहाय्य आहे, पहिल्या दोन मुलांना, माझ्या मते हा रस्ता जास्त भक्कम आहे कारण डिग्री हातात असली की नोकरीचा पर्यायही उघडा राहतो. पण तो तिचा निर्णय, तिच्याशी बसून बोला, तिच्या वतीनं ठरवू नका.

त्या ठेकेदाराला नाही म्हणताना एक विचारून बघा, तिला पगारी घ्याल का, आणि अनुभवाचा दाखला तिच्या नावानं द्याल का. हो म्हणाला तर बोलणी करा.

मला उलट टपाली कळवा की डिप्लोमा कुठल्या वर्षी पास झाली, सु.बे. नोंदणीला पास झाल्यापासूनच्या वर्षांची अट असते, त्यावरून आधी नोकरी किती काळ करायची ते ठरवू.