नवी कबर आत्ताच घ्यावी का? आधी वडिलांच्या कबरीचे डीड (दफनहक्काचा दस्तऐवज) काढा

प्रश्न थोडक्यात असा: मूळचे अहमदनगरचे ख्रिस्ती कुटुंब, सध्या लंडनच्या इलफर्डमध्ये. पती 59, पत्नी 57, पतीच्या आई 84 वर्षांच्या. वडिलांचे दफन 1998 मध्ये मॅनर पार्कच्या सिटी ऑफ लंडन दफनभूमीत झाले. कॅश आयसामध्ये (करमुक्त बचत खात्यात) 26,000 पौंड आहेत, महिन्याचा खर्च 2,600. यातले 20,000 पौंड घालून दोघांसाठी नवी कबर आणि दोन प्रीपेड फ्युनरल प्लॅन (अंत्यविधीचे पैसे आधीच भरण्याच्या योजना) आत्ताच घ्यावेत का?

माझे स्पष्ट मत: आत्ता नको. वीस हजार गेले की हाती 6,000 उरतात, म्हणजे सव्वादोन महिन्यांचा खर्च. नोकरी गेली किंवा छप्पर गळू लागले तर कबरीचा हक्क मोडून पैसे उभे करता येत नाहीत. किमान सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे 15,600 पौंड, हात न लावता ठेवा. उरलेल्या 10,400 मध्ये काय बसते ते बघू.

कबर घेताना तुम्ही जमीन घेत नाही, ठरावीक वर्षांसाठी तिथे दफन करण्याचा हक्क घेता. इंग्लंडमधल्या कौन्सिलच्या दफनभूमीत हा हक्क एका वेळी जास्तीत जास्त 100 वर्षांचा देता येतो. बऱ्याच ठिकाणी तो 50 वर्षांचा असतो. घड्याळ डीडच्या तारखेपासून सुरू होते, दफनापासून नाही. तुम्ही 59 व्या वर्षी 50 वर्षांचा हक्क घेतला आणि 85 वर्षे जगलात, तर 26 वर्षे रिकाम्या जागेवर गेली. मुलांच्या हाती 24 उरली. पुढे नूतनीकरण त्या वेळच्या दराने.

ही मुदत का, ते वडिलांना पुरले त्या सिटी ऑफ लंडन दफनभूमीच्या इतिहासात दिसते. सिटीतल्या, म्हणजे लंडनच्या जुन्या मध्यभागातल्या, चर्चची अंगणे मृतांनी भरून गेली, त्यात 1849 च्या कॉलऱ्याची भर पडली. मग तिथल्या पालिकेने, सिटी कॉर्पोरेशनने, शहराबाहेर सुमारे 200 एकर घेतले. विल्यम हेवूड यांनी आखणी केली आणि 1856 मध्ये दफने सुरू झाली. दाहगृह 1904 मध्ये आले. आज तेवढी जमीनही कमी पडते. लंडनमध्ये 2007 च्या कायद्याने दफनाचा हक्क संपवलेल्या, 75 वर्षांत न उघडलेल्या कबरी पुन्हा वापरता येतात: अवशेष त्याच कबरीत अधिक खोल ठेवतात आणि वर नवे दफन होते. आधी जाहीर सूचना लावावी लागते, नोंदणीकृत मालकाला किंवा मृताच्या नातेवाइकांना हरकत घेता येते. अशी पुनर्वापरातली कबर हा तुमच्यासाठीही एक पर्याय आहे, कार्यालयात तिचा दर वेगळा विचारा. मन कचरत असेल तर ते समजण्यासारखे आहे, पण न विचारता सोडू नका.

आता तुमच्या पत्रात जेमतेम एका ओळीत आलेली गोष्ट, वडिलांची कबर. माझ्या दृष्टीने सगळा निर्णय तिच्यावर आहे. 1998 चे डीड काढून तीन गोष्टी पाहा. मुदत किती? 50 वर्षांची असेल तर 2048 मध्ये संपते. खोदाई किती जणांसाठी? हे पहिल्या दफनाच्या वेळीच ठरते; एकाच्या खोलीची कबर नंतर दोघांची करायची तर खालची शवपेटी हलवावी लागते आणि त्यासाठी सरकारी परवाना लागतो. कायद्याने वरच्या शवपेटीवर साधारणपणे तीन फूट माती हवी आणि दोन शवपेट्यांमध्ये सहा इंच. तिसरी गोष्ट, हक्क कुणाच्या नावावर आहे? वडिलांच्याच नावावर असेल तर आईंसाठी कबर उघडण्याआधी तो वारसाकडे यावा लागतो. मृत्युपत्राचे प्रोबेट (न्यायालयाची मंजुरी) झाले असेल तर सोपे. नसेल तर सॉलिसिटरसमोर शपथेवर निवेदन आणि भावंडांच्या सह्या. हे काम दुःखाच्या आठवड्यात अडते, दफनाची तारीख पुढे जाते. आई स्वतः सही करू शकतात तोवर आत्ताच उरका. मालक म्हणून चार-चार नावे घालू नका. पुढे प्रत्येक वेळी सगळ्यांची संमती मागतात.

जागा दोघांची असेल तर आईंचा प्रश्न सुटला. त्यानंतर त्या कबरीत शवपेटी बसणार नाही, पण अस्थिकलश बहुधा बसतो. फुटबॉलपटू बॉबी मूर यांच्या अस्थी याच दफनभूमीत त्यांच्या आईवडिलांच्या कबरीत ठेवल्या आहेत. तुमच्यापैकी कुणाला दहन चालणार असेल, तर नव्या कबरीची गरजच संपते. पत्नीला दफनच हवे असेल तर त्यांच्या इच्छेला पैशाचा वाद लावू नका. फक्त खरेदी आत्ता नको.

प्रीपेड प्लॅनबद्दल मी जास्त कठोर आहे. 29 जुलै 2022 पासून हे प्लॅन एफसीए या ब्रिटनच्या वित्तीय नियामकाच्या देखरेखीखाली आहेत, त्याआधी असे प्लॅन विकणारी सेफ हँड्स कंपनी बुडाली तेव्हा सुमारे 46,000 लोक अडकले होते. आज सुरक्षितता चांगली आहे, तुमची अडचण निराळी आहे. बहुतेक प्लॅनमध्ये कबरीची किंमत, खोदाईचे शुल्क आणि दगड येत नाहीत. दफन करणाऱ्या कुटुंबाला मोठा खर्च याच तीन गोष्टींचा असतो. खोदाईचे शुल्क कबर उघडेल त्या प्रत्येक वेळी. दगड आधी बसवलेला असेल तर तो उतरवून पुन्हा बसवण्याची मजुरी वेगळी. प्लॅन आधीच घेतला असेल तर घेतल्यापासून 30 दिवसांत पूर्ण पैसे परत घेऊन रद्द करता येतो.

मुलांच्या हाती पैसे वेळेवर येतील का, ही तुमची भीती खरी आहे, पण तिला सोपे उत्तर आहे. बहुतेक बँका मृत व्यक्तीच्या खात्यातून फ्युनरल डायरेक्टरचे (अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्याचे) बिल प्रोबेटची वाट न पाहता थेट भरतात. वाजवी अंत्यविधीचा खर्च, दगडासकट, वारसा करातून वजाही होतो. म्हणून 10,400 पैकी 8,000 वेगळ्या बचत खात्यात या कामासाठी ठेवा, दरवर्षी दफनभूमीचे नवे दरपत्रक पाहून त्यात भर घाला. उरलेले 2,400 आईंच्या वेळच्या खोदाईसाठी आणि कागदपत्रांसाठी लगेच हाताशी हवेत.

डीड सापडत नसेल तर वडिलांचे पूर्ण नाव आणि दफनाची तारीख घेऊन दफनभूमीच्या कार्यालयाला लिहा. नोंदवहीत कबरीचा क्रमांक, खोली आणि मालकाचे नाव असते. उत्तर लेखी मागा.