उन्हाळ्यात घरच्या कार्यक्रमाला दारू नसलेलं, पण लिंबू सरबत-पन्ह्यापेक्षा वेगळं काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की एप्रिलच्या सुरुवातीला वडिलांची साठी आहे, पंचवीसेक माणसं येणार, लिंबू सरबत आणि पन्ह्याचा सगळ्यांना कंटाळा आलाय आणि मिक्सरमध्ये द्राक्षांचा रस काढून पाहिला तर तो तुरट झाला. नाशकात राहता आणि एप्रिलची सुरुवात म्हणताय, तर द्राक्षं सोडू नका. फक्त मिक्सर सोडा.

तुरटपणा सालीतून आणि बियांतून येतो. पातं फिरलं की साल बारीक चिरली जाते, बी असेल तर तीही फुटते, आणि त्यातलं टॅनिन रसात उतरतं. वर फेस येतो तो वेगळाच. साल हवी ती रंगासाठी, आणि रंग काढायला पातं लागत नाही, मंद आच पुरते.

आता माल कुठला घ्यायचा. जंबो किंवा शरद सीडलेससारखी काळी, बिनबियांची द्राक्षं घ्या. थॉमसन, सोनाका खायला उत्तम, पण सरबताला हिरवट-पिवळा रंग येतो आणि ग्लासात ते उसाच्या रसाचं गरीब भावंड दिसतं. घडच हवेत असा हट्ट नको. हंगामाच्या शेवटी सुटे मणी निम्म्या भावात मिळून जातात. पिंपळगाव-ओझरच्या बाजूला हायवेलगत किंवा दिंडोरी रोडला विचारून बघा, आणि गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार आहेच. मणी टणक आहेत ना, देठाच्या जागी ओलसर चिकट झालेले नाहीत ना, एवढं बघा. कुणी बागवाला ओळखीचा असेल आणि डिसेंबर-जानेवारीत विरळणीचे आंबट मणी फुकट देतो म्हणाला, तर घेऊ नका. त्या वेळी बागेवर फवारण्या चालू असतात आणि ते मणी खाण्यासाठी काढलेले नसतातच.

मणी देठापासून सोडवून, पाण्यात खाण्याचा सोडा (एका लिटरला एक चमचा) घालून दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. मग दोन-तीन पाण्यांनी नीट धुवा. हे धुणं मन लावून करा, कारण काळ्या द्राक्षाचा रंग आंबटात लाल खुलतो आणि सोड्यात निळसर, मातकट होतो. सोडा मागे राहिला तर सरबत शाईसारखं दिसेल.

एक किलो मण्यांना पाव कप पाणी आणि इंचभर ठेचलेलं आलं. पातेलं स्टीलचं, जाड बुडाचं. ॲल्युमिनियम नको आणि कल्हई गेलेलं पितळ तर मुळीच नको, द्राक्षातलं टार्टरिक आम्ल धातूला लागतं. मंद आचेवर ठेवून पावभाजीच्या मॅशरने किंवा ताकाच्या रवीने मणी दाबत राहा, घुसळू नका. दहा-बारा मिनिटांत साली सुटतात आणि पातेल्यात गडद जांभळा रस दिसू लागतो. वाफ येऊ दे, कडेने बुडबुडे येऊ देत, पण खळखळून उकळी नको. उकळी आली की ताज्या फळाची चव जाऊन मुरांब्याची येते, आणि मग कितीही बर्फ घाला, ती जात नाही.

ओल्या मलमलच्या कापडातून गाळा. कापड पिळायचा मोह होतो, तो आवरा. पातेल्यावर बांधून ठेवा आणि आपलं दुसरं काम करा, अर्ध्या तासात रस आपोआप उतरतो. किलोला साधारण साडेसहाशे मिली मिळेल. चोथा फेकायचा नसेल तर थोडा गूळ घालून परतून पोळीबरोबर खा, आमच्याकडे मुलांना सरबतापेक्षा तोच आवडतो.

आता साखर. बहुतेक पाककृती इथे वाटीभर साखर घालायला सांगतात आणि तिथेच सरबत बिघडतं. बागवाले ब्रिक्स मोजतात, म्हणजे रसात शेकडा किती साखर भरली ते. खायच्या द्राक्षात ती सोळा-अठराच्या आसपास, कधी त्याहून जास्त असते. म्हणजे लिटरभर रसात साधारण एकशे साठ ते एकशे ऐंशी ग्रॅम साखर निसर्गाने आधीच घातलेली असते. कमी पडतो तो आंबटपणा. हंगामाच्या शेवटी तर द्राक्षातलं आम्ल आणखी उतरलेलं असतं. म्हणून किलोभर द्राक्षांच्या रसाला दोन लिंबं, अर्धा चमचा सैंधव आणि पाव चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड. मीठ चवीला जाणवता कामा नये, ते फक्त उरलासुरला तुरटपणा दाबतं. लिंबाऐवजी उकडलेल्या कैरीचा दोन-तीन चमचे गर घातला तर मला जास्त आवडतो. त्या दिवसांत कैऱ्या आलेल्या असतातच, पण सरबत गढूळ दिसतं. दिसण्याची हौस असेल तर लिंबूच बरं. चाट मसाला घालू नका, सगळ्या फळांची चव एकसारखी करून टाकतो.

तुम्ही खास 'दारू नसलेलं' असं विचारलंय, तर हा मुद्दा सोडून चालणार नाही. द्राक्षाच्या सालीवर जंगली यीस्ट असतंच. कच्चा रस काढून एप्रिलच्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवला तर दिवस-दोन दिवसांत तो फसफसायला लागतो, म्हणजे साखरेची दारू व्हायला सुरुवात होते. तापवलं की हे यीस्ट मरतं. अमेरिकेत थॉमस वेल्च नावाच्या दंतवैद्याने 1869 साली हेच केलं होतं. चर्चमधल्या विधीला वाइनऐवजी न आंबलेला द्राक्षरस हवा होता, म्हणून त्याने भरलेल्या बाटल्या उकळत्या पाण्यात बुडवून पाश्चरची युक्ती रसावर वापरली. आपल्या वाइनच्या गावात आपण त्याच वाटेने उलटे चाललोय.

तापवलेला रसही बाहेर ठेवायचा नाही. गार झाला की उकळत्या पाण्यातून काढून वाळवलेल्या काचेच्या बाटल्यांत भरून लगेच फ्रीजमध्ये. तीन-चार दिवस छान राहतो. झाकण उघडताना फुस्स आवाज आला किंवा वाइनसारखा वास आला तर सरळ ओतून द्या, पाहुण्यांवर प्रयोग नको.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी करून ठेवायला मी सांगेन, आणि त्याला कारण फक्त धावपळ नाही. रात्रभर गार राहिल्यावर बाटलीच्या तळाशी साखरेसारखे किंवा काचेच्या बारीक चुऱ्यासारखे खडे दिसतील. घाबरू नका. द्राक्षातलं टार्टरिक आम्ल आणि पोटॅशियम मिळून बनलेला तो क्षार आहे, थंडीत विरघळलेला राहत नाही म्हणून खाली बसतो. बेकरीवाले 'क्रीम ऑफ टार्टर' म्हणतात ते हेच. वायनरीतही टाक्या मुद्दाम गार करून तो आधीच खाली बसवतात, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बाटलीत दिसू नये. अपायकारक नाही, पण दाताखाली कचकचतो. बाटली न हलवता वरचा नितळ रस दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या.

बर्फाने सरबत पाणचट होतं. त्याऐवजी मूठ-दोन मूठ मणी धुऊन, कोरडे करून आदल्या दिवशी फ्रीजरमध्ये टाका आणि ग्लासात तेच चार-पाच घाला. पाच वर्षांखालच्या मुलांच्या ग्लासात मात्र अख्खा मणी नको, घशात अडकू शकतो. त्यांच्यासाठी आधीच उभे चार तुकडे करून गोठवा किंवा घालूच नका.

ग्लासात ऐंशी मिली रस आणि शंभर मिली गार सोडा, वर पुदिन्याची दोन पानं हातावर एकदा टाळी देऊन. आधी रस, मग सोडा, तोही ग्लास तिरपा धरून. सोडा कोमट असला तर गॅस ओततानाच उडून जातो, म्हणून बाटल्या सकाळपासून फ्रीजमध्ये हव्यात. ज्येष्ठांना सोडा नको असेल तर माठाचं पाणी, भिजवलेला सब्जा आणि पुदिन्याला सुट्टी. त्यांना तेच जास्त रुचतं असा माझा अनुभव आहे. मधुमेह असलेल्यांना मात्र सांगून द्या: वरून साखर नसली तरी या ग्लासात तीन चमच्यांच्या आसपास साखर फळाचीच आहे. त्यांना पाव ग्लास रस, बाकी सोडा आणि जास्तीचं लिंबू, किंवा सरळ ताक.

कार्यक्रम मेमध्ये ढकलला गेला तर ताजी द्राक्षं मिळतील याचा भरवसा नाही. तेव्हा आत्ताच रस काढून फ्रीजरमध्ये ठेवा. बाटली काठोकाठ भरू नका, गोठताना रस फुगतो आणि काच तडकते. त्यापेक्षा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या पिशवीत भरणं सोपं.

हिशोब असा: किलोला आठ ग्लास. पंचवीस माणसांतली निम्मी दुसऱ्यांदा मागतील असं धरून पाच किलो द्राक्षं, दहा लिंबं आणि पाऊण लिटरच्या सोड्याच्या सहा बाटल्या. पाच किलो एका पातेल्यात घालू नका, दोन खेपांत करा, नाहीतर खालचे मणी उकळतात आणि वरचे तसेच राहतात.